गाडीच्या पुढच्या शॉकअपची घरच्या घरी निगा



दसऱ्याला आपण सारी अवजारे धुऊन पुसून मांडतो. नांगर, वखर, तिफण, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर आणि मोटरसायकल. गाडीला झेंडूची माळ घालतो, हँडलला कुंकू लावतो. माळ घालताना हात नेमका पुढच्या दोन चकचकीत नळ्यांवरून फिरतो. त्या नळ्या तेलकट लागल्या, तर आपण फडक्याने पुसतो, हात धोतराला पुसतो आणि पूजेला लागतो. आज मी त्या तेलाविषयीच बोलणार आहे.

या सदरातून आपण नेहमी केळीवरचा करपा, कापसावरची बोंडअळी, ठिबकच्या नळ्यांतला क्षार असे विषय घेतो. मग मोटरसायकल कशाला, असे कोणी विचारील. पण आज आपल्या घरातले सर्वांत जास्त राबणारे अवजार कोणते, ते बघा. सकाळी दुधाचे कॅन, मग शेतावर न्याहारी, दुपारी खताची गोणी, संध्याकाळी आजारी म्हातारीला दवाखान्यात नेणे. बैलगाडीचे काम आता हिच्यावर आले आहे. बैलगाडी जुंपण्यापूर्वी आपले वडील आसाला वंगण घातल्याशिवाय गाव सोडत नसत. मोटरसायकलीचे वंगण मात्र आपण गॅरेजवाल्यावर सोडून दिले, आणि पुढच्या शॉकअपचे तर तोही विचारल्याशिवाय बघत नाही.

माझीच एक चूक आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी माझ्या गाडीचा डावा शॉकअप पाझरू लागला. रोज सकाळी फडक्याने पुसायचो आणि निघायचो. एका गॅरेजमध्ये दाखवली, तर त्याने वरून जाड ऑइल ओतून दिले, सील काही बदलले नाही. मीही घाईत होतो, काही बोललो नाही. पुढे एकदा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावाहून परत येत होतो. मागे घरची मंडळी बसली होती. उतारावर एकदम शेळ्या आडव्या आल्या. पुढचा ब्रेक दाबला, तर तो लागलाच नाही. नळीवरून ओघळलेले तेल खाली ब्रेकच्या ड्रमपर्यंत जाऊन लायनरला लागले होते. गाडी घसरली. माझे गळपट्टीचे हाड मोडले. घरच्यांना खरचटण्यावर निभावले, हे नशीब. शेळीवाला धावत आला आणि म्हणाला, "काय व्हयनं साहेब?" त्याला मी काय सांगणार, की अर्ध्या दिवसाच्या कामाचा आळस केला म्हणून!

तेव्हापासून हे काम मी घरीच करतो. कठीण नाही, पण क्रम चुकवून चालत नाही.

शॉकअपच्या आत काय असते?

पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय असतो. वरची बारीक, चकचकीत लोखंडी नळी हँडलखालच्या पट्ट्यांत घट्ट बसवलेली असते. खालचा जाड ॲल्युमिनियमचा भाग चाकाला धरून असतो. याला कारागीर बॉटम म्हणतात. नळी बॉटममध्ये वर-खाली सरकते. आत एक लांब स्प्रिंग आणि मोजके तेल असते.

स्प्रिंगचे काम धक्का झेलायचे आणि तेलाचे काम स्प्रिंगला आवरायचे. नुसती स्प्रिंग असती, तर खड्ड्यातून निघाल्यावर गाडी बराच वेळ नाचत राहिली असती. आत एक बारीक छिद्रांची दांडी असते. शॉकअप दबला वा उघडला, की तेलाला त्या छिद्रांतून जावे लागते. भरल्या पाटाला लहान मोरी ठेवली, की पाणी हळू निघते, तसेच हे. त्यामुळे स्प्रिंगची उसळी एका दमात शांत होते.

ही युक्ती फार जुनी नाही. पूर्वी मोटरसायकलींना पुढे नुसत्या स्प्रिंगा आणि पट्ट्यांचे चिमटे असत. तेलाने आवरलेला, नळीत नळी सरकणारा शॉकअप जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने १९३५ साली आपल्या विक्रीच्या गाड्यांना बसवला, आणि पुढे तीच रीत जगभर रुळली. आपल्याकडच्या बुलेट, येझदीपासून १९८५ साली आलेल्या हिरो होंडा सीडी १००पर्यंत आणि आजच्या बहुतेक साध्या गाड्यांपर्यंत हीच रचना आहे. हा माल आता आपल्या शेजारीच तयार होतो. नाशिकला गॅब्रिएल कंपनीच्या आणि औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला एन्ड्युरन्स कंपनीच्या कारखान्यांत दुचाकींचे शॉकअप बनतात.

नळी आणि बॉटम जिथे भेटतात, तिथे एक रबरी कडे असते, ते ऑइल सील. त्याच्या ओठाला आतून बारीक गोल स्प्रिंग असते. हा ओठ नळीला चिकटून राहतो, म्हणून तेल आत राहते. त्याच्या वर धूळ अडवणारी रबरी टोपी असते. सगळा खेळ या ओठावर आहे.

आपल्याकडे सील लवकर का जाते?

पहिले कारण आपली माती. तापीकाठची काळी माती ओली असताना चिकटते आणि वाळली की दगडासारखी घट्ट होते. तिच्यात रेतीचे कण असतात. नळीवर चिखल वाळला आणि गाडी तशीच खड्ड्यात आदळली, की तो वाळका चिखल सीलच्या ओठात शिरतो. मग प्रत्येक धक्क्याला कानस लावल्यासारखे घर्षण होते. गिरणा, पांझरा, अनेरच्या पात्रातून गाडी काढणाऱ्यांचे तर सांगायलाच नको.

दुसरे कारण खत. केळीला आपण पोटॅश भरपूर देतो. ते म्युरेट ऑफ पोटॅश, म्हणजे क्लोराइड. गोणी टाकीवर आडवी घातली, ती थोडी फाटलेली असली, की भुकटी नळ्यांवर पडते. त्यावर दव पडले, की क्लोराइड नळीवरच्या चमकदार मुलाम्याला टोचे पाडते. त्या टोच्यांच्या कडा सील कापतात. मग नवे सील घातले तरी पुन्हा महिनाभरात गळती. रावेर-यावलकडच्या बंधूंनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

तिसरे कारण भार. ४० लिटरच्या कॅनमध्ये सुमारे ४१ किलो दूध बसते. दोन कॅन म्हणजे ८२ किलो, शिवाय कॅनचे वजन, शिवाय चालवणारा. हा आकडा सहज दीडशेच्या वर जातो. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत किती भार चालतो, ते लिहिलेले असते. तो एकदा वाचून बघा. भार सगळा मागे असला, की पुढचे चाक हलके होऊन हँडल थरथरते, आणि ब्रेक दाबला की तोच भार एकदम पुढे येऊन शॉकअप तळाला आदळतो.

पाच मिनिटांची तपासणी

पोराला किंवा पोरीला गाडी देण्यापूर्वी ही तपासणी करावी. घरातल्या बायाबापड्यांनीही शिकून घ्यावी, कारण अंगणात गाडीखाली पडलेला तेलाचा डाग आधी त्यांनाच दिसतो.

१. नळीवरून स्वच्छ बोट फिरवा. ओलसर तेलाचे कडे लागले, तर सील पाझरते आहे. नख अडकेल असा टोचा लागतो का, तेही बघा.

२. गाडी उभी धरून पुढचा ब्रेक दाबा आणि हँडलवर तीन-चार वेळा जोर द्या. चांगला शॉकअप दबतो, वर येतो आणि थांबतो. पुन्हा पुन्हा डुलत राहिला, तर तेल कमी झाले आहे वा पातळ झाले आहे. "साहेब, गाडी पुढून नाची ऱ्हायनी," असे मला एक जिभाऊ म्हणाले होते, ती हीच खूण. थोड्याच जोराने तळाला ठक्क असा आवाज आला, तरी तेल संपत आले असे समजा.

३. ब्रेक दाबून गाडी पुढे-मागे हलवा. हँडलच्या मानेशी कट्-कट् लागले, तर दोष बहुधा कोनसेटचा आहे. तिथे शॉकअप उघडून उपयोग नाही.

४. समोर उभे राहून दोन्ही नळ्या एका रेषेत दिसतात का, ते बघा. गाडी कधी आदळली असेल, तर नळी वाकलेली असू शकते.

आधी साफसफाई, मग खर्च

तेल दिसले की लगेच सील बदलू नका. पुष्कळदा सील धड असते, ओठात नुसती रेती अडकलेली असते. हा उपाय आधी करून बघा.

नळी पाण्याने धुऊन कोरडी करा. धुळीची रबरी टोपी बोथट पेचकसाने हलकेच वर सरकवा. नळीला ओरखडा जाऊ देऊ नका. आता जुन्या एक्स-रे फिल्मची बोटभर रुंद पट्टी कापा. तिच्या एका टोकाला आकड्यासारखी खाच पाडा आणि कडा गुळगुळीत करा. ही पट्टी नळीला चिकटवून सीलच्या ओठाखाली हळूच घाला आणि नळीभोवती गोल फिरवत बाहेर ओढा. काळी रेती आकड्याला लागून येईल. पट्टी पुसून दोन-तीनदा असे करा. मग नळी पुसून शॉकअप दहा-बारा वेळा दाबा. आलेले तेल पुसा आणि दोन दिवस गाडी चालवून पुन्हा बोट फिरवा. कोरडे राहिले, तर तुमचे काम फुकटात झाले.

यासाठी लोखंडी पट्टी, ब्लेड वा सुई कदापि वापरू नये. ओठ चिरला की सील गेलेच.

तेल बदलणे

गळती नसली तरी तेल म्हातारे होते. पुस्तिकेत मुदत दिलेली असते, ती पाळावी. आपल्या चिखलाच्या वाटांवर मी साधारण दोन वर्षांनी, पावसाळा सरला की बदलतो. परदेशात आणि आता आपल्याकडेही मातीवरच्या शर्यती होतात. त्या गाड्यांचे पुढचे शॉकअप सुमारे ३०० मिलिमीटर दबतात, आणि ते लोक किलोमीटर न मोजता गाडी किती तास चालली ते मोजून तेल बदलतात. २०१५ साली बंगळुरूचा सी. एस. संतोष डाकारची अवघड शर्यत पुरी करणारा पहिला भारतीय ठरला. आपल्याला शर्यत जिंकायची नाही, पण आपलीही गाडी मातीवरच चालते, एवढे लक्षात घ्यावे.

तेल कोणते? बाजारात फोर्क ऑइल म्हणून वेगळे मिळते. पुस्तिकेत सांगितलेल्या जाडीचेच घ्यावे. पुष्कळ जण इंजिनाचे जाड ऑइल ओततात, कोणी तर जळके ऑइल! जाड तेल बारीक छिद्रांतून लवकर जात नाही. मग शॉकअप कडक होतो, धक्का मनगटाला आणि मानेला बसतो. धुळ्याच्या थंडीत तर सकाळी तो लाकडासारखा वागतो. जळक्या तेलात काजळी आणि धातूचा चुरा असतो, तो सील खातो.

किती घालावे? हाही आकडा पुस्तिकेत मिलिलिटरमध्ये असतो. १०० सीसीच्या गाडीला एका पायाला साधारण दीड-दोनशे मिलिलिटर लागते, पण अंदाजाने ओतू नका. कमी झाले तर गाडी नाचते. जास्त झाले तर आत हवेला जागा राहत नाही, दाब वाढतो आणि नवे सीलही फुटते. काही पुस्तिकांत दोन आकडे असतात. एक नुसते तेल बदलण्याचा आणि दुसरा सगळे सुटे करून पुसल्यावरचा. दुसरा थोडा मोठा असतो, कारण नुसते तेल ओतले तर थोडे आत राहतेच. मोजायला खुणा असलेली जुनी दुधाची बाटली चालते. मात्र ती पुन्हा बाळासाठी वापरू नका. औषध मोजायचे फवारणीचे माप यात घेऊ नका, आणि हे तेलाचे मापही फवारणीला नेऊ नका.

आता क्रम नीट वाचा.

१. सपाट फरशीवर गाडी मेन स्टँडला लावा. इंजिनाखाली फळी आणि लाकडी ठोकळा देऊन पुढचे चाक अधांतरी करा. मागे कॅरिअरला वजन बांधा, म्हणजे गाडी पुढे झुकणार नाही. जोडीला एक माणूस हवाच. लहान मुलांना दूर ठेवा, विडी-काडी बंद.

२. काही जुन्या गाड्यांच्या बॉटमला खाली तेल सोडण्याचा लहान स्क्रू असतो. तो असेल तर चाक काढायची गरज नाही. वरची टोपी जपून काढा, खाली भांडे धरून स्क्रू काढा, शॉकअप हळूहळू दाबून तेल निथळू द्या. मग स्क्रू वायसरसह बसवून वरून मोजून तेल भरा.

३. स्क्रू नसेल तर पाय उतरवावे लागतात. नळी पट्ट्यांत घट्ट असतानाच वरच्या टोपीचा बोल्ट थोडा सैल करून ठेवा. पुरता काढू नका. नळी हातात आल्यावर तो सुटता सुटत नाही.

४. ब्रेकची आणि स्पीडोमीटरची केबल सोडा, आस काढून चाक उतरवा. वायसर आणि बुशिंगे ज्या क्रमाने निघतील, त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडा. मोबाईलवर फोटो काढून ठेवला तर आणखी बरे. डिस्क ब्रेकची गाडी असेल तर चाक बाहेर असताना ब्रेकचा दांडा चुकूनही दाबू नका.

५. मडगार्डचे बोल्ट काढा. मग पट्ट्यांचे बोल्ट सैल करून नळी थोडी फिरवत खाली ओढा.

६. पाय उभा धरा, टोपीवर फडके टाका आणि तोंड बाजूला ठेवून टोपी सावकाश काढा. आत दबलेली स्प्रिंग आहे. शेवटच्या आट्याला ती टोपी उडवते. यात डोळा जाऊ शकतो, म्हणून पुन्हा सांगतो, तोंड बाजूला ठेवा. स्प्रिंगचे कोणते टोक वर होते, ते बघून ठेवा.

७. पाय भांड्यावर उलटा करून आठ-दहा वेळा दाबा आणि पंधरा मिनिटे निथळू द्या. तेल बघा. काळपट असेल तर वयोमानाने झाले. दुधाळ चहासारखे असेल तर पाणी शिरले आहे, म्हणजे सील बदलावे लागेल. पुष्कळ चकचकीत चुरा दिसला, तर आतली झीज झाली आहे, कारागिराला दाखवा.

८. थोडे नवे तेल घालून खळबळून टाकून द्या. पाणी वा पेट्रोल आत राहू देऊ नका. मग मोजून तेल भरा आणि नळी हळूहळू दहा वेळा वर-खाली करा, म्हणजे हवा निघेल. स्प्रिंग न घालता दोन्ही पाय पुरते दाबून शेजारी उभे करा आणि बारीक काडी बुडवून वरच्या कडेपासून तेल किती खाली आहे, ते मोजा. दोन्हीत सारखे हवे. एकीकडे जास्त, एकीकडे कमी असेल, तर दोन बैलांत एक तगडा आणि एक अशक्त जुंपल्यासारखे होते.

९. स्प्रिंग, टोपी, नळ्या, मडगार्ड, चाक, असे उलट क्रमाने बसवा. दोन्ही नळ्या वर सारख्या उंचीला आल्या पाहिजेत.

१०. ड्रम ब्रेकच्या गाडीत ब्रेकच्या झाकणाला एक खाच असते आणि बॉटमला तिच्यात बसणारा उंचवटा असतो. ही जोडी नीट बसलीच पाहिजे. नाही बसली, तर ब्रेक दाबताच झाकण फिरून चाक जागच्या जागी जाम होईल आणि माणूस हँडलवरून पुढे जाईल. आस घट्ट करण्यापूर्वी हे दोनदा बघा.

११. आस बसवून गाडी खाली घ्या, शॉकअप पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे दोन्ही पाय आपापल्या जागी बसतील. मग सारे बोल्ट पुरते आवळा, केबली जोडा, ब्रेक तपासा. पहिली फेरी एकट्याने, रिकाम्या गाडीने, गल्लीतच मारा.

सील बदलायचे असेल तर

सील बदलायला आतली दांडी सोडावी लागते. तिचा बोल्ट बॉटमच्या तळाशी खालून असतो, त्याला ॲलन की लागते. हा बोल्ट वरची टोपी काढण्यापूर्वीच सैल करावा. तोपर्यंत स्प्रिंगचा दाब दांडीला धरून ठेवतो. टोपी काढल्यावर दांडी बोल्टासोबत गरगर फिरते आणि मग अर्धा दिवस घालवा! तरीही फिरलीच, तर ओढाताण न करता कारागिराकडे न्या.

बोल्ट काढल्यावर नळी बाहेर येते. सीलवरची तारेची कडी काढा आणि बॉटमची कड न दुखवता जुने सील उपटा. नवे सील गाडीच्या नावाने, जोडीनेच घ्या. त्याला तेल लावा. स्प्रिंग दिसते ती बाजू खाली तेलाकडे आणि आकडे छापलेली बाजू वर. ठोकायला आपल्या घरी उत्तम साधन आहे. पाइपलाइनचा उरलेला पीव्हीसी तुकडा घ्या. तो सीलच्या बाहेरच्या कडेवर बरोबर टेकेल असा निवडा, तोंड सरळ कापा आणि सील चहूकडून सारखे, हळूहळू आत बसवा. हातोडी थेट सीलवर मारू नका.

जिथे नळी सीलमधून जाते, तिथे तिची कड आणि टोचे ओठ कापतात. नळीवर दुधाच्या पिशवीचा धुतलेला तुकडा तेल लावून गुंडाळा, सील त्यावरून सरकवा आणि मग तुकडा काढून घ्या. खालच्या बोल्टाला तांब्याचे वायसर असते, तेही नवे घालावे, नाहीतर गळती खालून सुरू होते. गळके तेल ब्रेकच्या लायनरपर्यंत गेले असेल, तर लायनर नुसते पुसून भागत नाही. तेल मुरलेले लायनर बदलून टाका आणि ड्रम आतून साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करा. माझ्या हाडाने शिकवलेला हा धडा आहे.

कारागिरावर सोडण्याची कामे

नळी वाकली असेल, खोल टोचे पडले असतील, गाडीचा अपघात झाला असेल, तर घरी खटपट नको. नुसता वरवरचा गंज असेल, तर अगदी बारीक पाणकागद तेलात बुडवून हलक्या हाताने घासता येतो. पण नख अडकते तिथे नळी बदलणे हाच उपाय. वाकलेली नळी सरळ करून देतो, असे कोणी म्हटले तरी घरच्या माणसांना बसवायच्या गाडीत ती घालू नये. नव्या काही गाड्यांत जाड नळी वर आणि बारीक खाली, असे उलटे शॉकअप येतात. तेही घरी उघडू नयेत.

रोजची निगा

चिखलातून आलात, की बादलीभर पाण्याने नळ्या धुवाव्यात. चिखल वाळू देऊ नये. जोराचा फवारा थेट सीलवर मारू नये, त्याने पाणी आणि रेती आत जाते. खताची गोणी आणली, त्या दिवशी तर नळ्या धुऊन कोरड्या करून तेलाचा हात फिरवून पुसाव्यात. काही जण नळीला जुन्या ट्यूबचा तुकडा बांधतात. तो धूळ अडवतो, पण आत ओल धरतो आणि झाकल्या जागी गंज चढतो. रबरी बूट घालायचेच असतील, तर मापाचे घ्या आणि महिन्यातून एकदा उचलून आत बघा.

काढलेले जुने तेल बांधावर, विहिरीजवळ वा गटारात ओतू नका. थोडेसे तेलही पुष्कळ पाणी नासवते. बैलाच्या खांद्याला किंवा जनावरांच्या जखमेला लावण्याची रीत काही ठिकाणी आहे. ती सोडा, त्याने जखम चिघळते. डब्यात भरून गॅरेजच्या जुन्या तेलाच्या पिंपात द्या.

मंडळी, या कामाला पहिल्या खेपेला अर्धा दिवस लागेल, दुसऱ्या खेपेला त्याहून कमी. सोबत घरातल्या मुलाला आणि मुलीला बसवा. पाना धरायला, तेल मोजायला, वायसर क्रमाने मांडायला त्यांना सांगा. गाडी पळवायला त्यांना कोणी शिकवावे लागत नाही, पण ती वेळेवर थांबली पाहिजे हे आपणच शिकवायचे असते.

आज संध्याकाळी गाडी दारात लागली, की एवढे करा. नळीवरून एकदा बोट फिरवा. कोरडे निघाले तर निर्धास्त झोपा. ओले निघाले, तर उद्या मागे कोणाला बसवण्यापूर्वी त्याचा बंदोबस्त करा.

आपला,
विस्तार अधिकारी